दुहेरी गाठ

कश्का गाय वाळूत बसली ती उठेचना. पोट तट्ट फुगलेलं. इस्सिक-कूल तळ्याच्या काठावर छत्र्यांखाली पसरलेली मंडळी मान वळवून बघायची आणि पुन्हा आपल्या कलिंगडाकडे वळायची. कालबूबूने गाईचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिच्या तोंडात तेलाची बाटली रिती करत होती. तेल तसंच बाहेर येत होतं. कश्काची कालवड मागे झुडपांत चरत होती.

"वहिनी, बास आता." दीर एसेनाली सुरी घेऊन उभा होता. "कापायच्या आधी जीव गेला तर मांस हराम होईल. कुत्र्यांना घालावं लागेल."

"गुरांचा डॉक्टर निघालाय. दहा मिनिटं थांब."

"तासाभरापासून तुझी दहाच मिनिटं चाललीयत."

कालबूबू गाईच्या कानाशी लागली. "ऊठ गं माझी राणी. घरी चल. ऊठ ना." अख्खं घर या एका गाईच्या दुधावर होतं. कश्काने डोळे पांढरे केले.

"काप," कालबूबू म्हणाली आणि तोंड फिरवलं.

एसेनालीने बिस्मिल्ला म्हणून सुरी चालवली. मग पोट चिरलं, तसा आतून प्लास्टिकच्या पिशव्यांचा उशीएवढा बोळा निघाला. एसेनाली तो घाईघाईने पायाने वाळूत ढकलायला लागला; पण कालबूबूने पाहिलंच. बोळ्यात जागोजागी लाल लोकरीचे दोरे होते.

याच गाईच्या दुधाचं कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, ती बारक्या पिशव्यांत भरून लाल दोऱ्याने बांधायची आणि छत्र्याछत्र्यांतून विकायची. लोक गोळे खायचे. मागे खारट पिशव्या उरायच्या.

"काठावर पन्नास बायका विकतात," एसेनाली म्हणाला. "कुणाचेही असतील."

"दुहेरी गाठ माझी एकटीची."

डॉक्टर आला तेव्हा सगळं उरकलं होतं. "या महिन्यातली ही चौथी," तो म्हणाला. "खायला काय घालत होता हिला?"

कालबूबूने कुरुताच्या टोपलीतली एक पिशवी काढून त्याच्या हातावर ठेवली.

दुःखाच्या जागी समोर आलेला घास नाकारायचा नसतो. डॉक्टर बिचारा रीतीला पक्का. त्याने अदबीने मान लववली. गाठ सुटेना म्हणून पिशवी दातांनी फाडली, गोळे तळहातावर घेतले, एक तोंडात टाकला. पिशवी बोटांतून सुटली.

वारा तळ्याकडून होता. पिशवी उडाली ती झुडपांच्या दिशेने, कालवडीकडे. कालबूबू रक्ताळलेल्या हातांनी पिशवीमागे धावत सुटली. "धरा! अहो, कुणीतरी धरा तिला!"

छत्र्यांखालच्या लोकांनी पाय आवरून तिला वाट दिली.