मायाक्काला भाऊ मिळाला

मानसिंगने नळावरची घागर उचलून मायाक्काच्या डोक्यावर ठेवली. खिडकीत त्याच्या बायकोने, विजयमालेने, बाळाला इतकं आवळलं की ते रडायला लागलं.

मायाक्काने आज केस धुतले होते. मोकळेच सोडले होते. हसताना ती पदर दातांत धरायची, तसा आत्ताही धरला होता. मानसिंगसमोर.

दुष्काळात मेंढरं गेली, तशी ती सांगोल्याहून सोलापुरात आली. नवरा गावीच. ती मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची आणि चाळीत शेजारच्याच खोलीत राहायची. दुपारी विजयमालेजवळ बसून अक्षरं गिरवायची. मग गिरणीत मानसिंगला रात्रपाळी लागली. तो दुपारी घरी राहू लागला आणि ते बसणं बंद झालं.

विजयमालेची झोप उडाली. अंगावरचं दूध आटलं. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. सासूने, रंभाबाईंनी, वेगळंच निदान केलं.

"त्या सांगोल्याच्या बयेपायी जीव जळतोय न्हवं तुजा? मला काय दिसत न्हाय व्हय? बीए झाली तरी बायकोची जात ती!"

विजयमालेने टॉनिकच्या बाटलीचं झाकण उघडलं. सासूचा तो समज सोयीचाच होता.

तोडगा रंभाबाईंनीच काढला. नारळी पौर्णिमेला मायाक्काने मानसिंगला राखी बांधायची. एकदा भाऊ म्हटलं की चाळीची तोंडं बंद.

मायाक्का मोठ्या फुलाची राखी घेऊन आली. मानसिंग मुकाट्याने पाटावर बसला. ओवाळून झालं, साखर भरवून झाली. त्याने तिच्या हातात खण ठेवला आणि चपला घालून चौकात निघून गेला.

"मिटलं की गं आता," म्हणत रंभाबाई बाळाला घेऊन ओट्यावर गेल्या.

दोघीच उरल्या.

"वैनी, माज्यापायी लई वाळलासा तुमी," मायाक्का म्हणाली. "दादांकडं मी कवाच तसं बगितलं न्हाय. देवाशपत." तिने पदराची गाठ सोडून दुसरी राखी काढली. "तुमालाबी बांदते. भैन म्हणून."

विजयमालेने हात झटकन मागे घेतला.

"अजून राग हाय व्हय माज्यावर?"

विजयमालेने दाराकडे पाहिलं. मग मायाक्काचं मनगट धरलं.

"बहीण नको म्हणूस मला," ती म्हणाली. "मी तुझ्यावर नाही गं, त्यांच्यावर जळत होते."