टाकीचं तोंड

पेचकसानं झाकणाचा रबर उचकटला, तसा त्याखालून आंबूस, घाण वास आला. समतानं बोट फिरवलं. बोटाला शेंबडासारखा पिवळा चिकटा लागला.

"हे पाहा काका, हाच तो चोर," ती म्हणाली. "इथं दबा धरून बसला होता."

शालिग्रामनं मान पुढे काढली. डोणगावजवळच्या या जिवाणू खताच्या कारखान्यात टाक्या धुवायचं आणि वाफेनं तापवायचं काम त्याचं, आणि समता इथली प्रयोगशाळेची मॅडम. सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं कल्चर इथं वाढवतात. रीत दुधाला विरजण लावल्यासारखीच. टाकीतलं गोड पाणी वाफेनं उकळायचं, गार करायचं आणि वरच्या तोंडातून बाटलीभर कल्चर सोडायचं. चार दिवसांत टाकीभर चांगले जिवाणू तयार. पण भलतेच जंतू शिरले की सगळंच नासतं. नव्या टाकीत ते तीनदा नासलं होतं. पेरणी अगदी तोंडावर आलेली, आणि कारखान्याचे अध्यक्ष नारायणराव काल सगळ्यांदेखत बोलून गेले होते, "उद्या चारपर्यंत कारण सांगा मॅडम. नाई तं तुम्ही आपल्या गावाले, मोताळ्याले, घरी बसा."

साडेतीन तर वाजून गेले होते.

"पण मी वाफ तं बराबर देतो ना," शालिग्राम म्हणाला.

"वाफेत जंतू मरतेच. म्हंजे हा वाफेनंतर येते. पाणी तपासलं, चांगलं हाय. हवेची गाळणी नवी हाय. आन या जंतूले लागते काय? थोडी ओल आन थोडं गोड. झाकणावर गोड कुठून येऊन राह्यलं, तेच मले समजून नाई राह्यलं."

थोडं गोड! शालिग्रामनं पुढे काढलेली मान मागे घेतली.

नारळ. दुसरं काय असणार? नवा बैल असो, नवी मोटार असो, नाहीतर नवी टाकी, तिला कोरडंच कसं कामाला लावायचं? म्हणून टाकी गार झाली की समता बाटली घेऊन यायच्या आत तो गोदामामागं नारळ फोडायचा आणि चूळभर पाणी टाकीच्या तोंडावर सोडायचा. पहिली बॅच नासली, तेव्हा त्याला वाटलं, आपलंच काही कमी पडलं. दुसऱ्या खेपेला ओंजळभर ओतलं. तिसऱ्या खेपेला तर पठ्ठ्यानं अख्ख्या नारळाचं पाणी ओतलं! समताच्या घरी बुद्धवंदना होते, तिला नारळाचं काय सांगायचं, म्हणून सगळं गुपचूप.

आताही गप्प बसला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. नोकरी शाबूत राहिली असती. पोरीची गेली असती, एवढंच. पण गेल्या साली वाफेनं हात भाजला, तेव्हा याच पोरीनं त्याला स्कुटीवर बसवून मेहकरला नेलं होतं आणि महिनाभर रोज पट्टी बदलली होती. लोक विसरतात हो असलं. शालिग्राम विसरणाऱ्यातला नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला. "थे गोड मीच टाकत होतो."

त्यानं सगळं सांगून टाकलं. अख्ख्या नारळाचंही. समता ऐकत राहिली. तिचा चेहरा लाल झाला.

"तीन बॅच, काका! तीन! काऊन केलं असं?"

"तुमचं चांगलं व्हावं म्हणून," तो खाली मान घालून म्हणाला. "तुमच्यावर ठपका येऊन राह्यला होता ना."

समतानं बाहीनं डोळे टिपले, मग एकदम हसलीच.

"माह्या नावानं आजवर कोणी नारळ फोडला नव्हता, काका."

तेवढ्यात नारायणराव दारात हजर.

"काय मग? लागला पत्ता? कोणाची चूक निघाली?"

शालिग्राम पुढे सरला. "भाऊ, थे मी..."

"काका, तुम्ही आधी तो रबर साफ करा," समता मध्येच बोलली आणि नारायणरावांकडे वळली. "पत्ता लागला, भाऊ. घाण झाकणाच्या रबराखाली होती. वाफेनंतर तोंडावर पाणी सांडत होतं. तीन आठवडे मी शोधून राह्यली होती, मले नाई सापडलं. शालिग्राम काकांनी सांगितलं."

"यानं?" नारायणरावांनी शालिग्रामला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. रबराचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बरं. नवीन रबर टाका आन आजच बॅच लावा. टाइम नाई आता."

ते गेले. समता टेबलाशी जाऊन बाटल्या मांडू लागली.

"काका, वाफेनंतर टाकीच्या तोंडाशी आता तुम्हीच उभं राहायचं," ती पाठमोरीच म्हणाली. "कोणी म्हंजे कोणी जवळ आलं नाई पायजे."

शालिग्रामला तिथल्या तिथं हात जोडायचे होते. पण रबर पुसून हात चिकट्यानं भरले होते. तो नळाशी गेला, तिनं शिकवल्याप्रमाणं कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, वरून स्पिरिट चोळलं आणि मगच जोडले.