हातात असेल तरच

बाबांनी बॅगेत सगळ्यात आधी काय टाकलं, तर जीन्स. लेकीने ती उचलून पलंगावर परत ठेवली. मग इस्त्रीचा पांढरा शर्ट. तोही परत आला. छत्री मात्र बाबा सोडेनात.

"जंगलात छत्री उघडायला जागाच नसते, बाबा," ती म्हणाली. "आणि जीन्स एकदा भिजली की तिकडे आठवडाभर सुकत नाही."

एरवी बाबांनी 'हो, मॅनेजरबाई' म्हणत सलाम ठोकला असता. आज त्यांनी मुकाट्याने छत्री खाली ठेवली. बाबांचं जंगल म्हणजे गच्चीवरच्या सहा कुंड्या, आणि त्यांनाही पाणी घालायचं ते विसरत. खरं जंगल आईचं. बेडकांच्या अभ्यासासाठी ती वर्षातून चार-पाचदा त्या सदा गळणाऱ्या रानात जायची, तीन-चार दिवस राहून चिखलाने माखून परतायची. या खेपेला परवा संध्याकाळी तिथल्या ओढ्याकाठी मुसळधार पावसात तिची सोबतच्या लोकांशी चुकामूक झाली होती. ती अजून सापडली नव्हती. तासाभरात वनखात्याची जीप बाप-लेकीला न्यायला येणार होती.

कपाटाच्या दाराला आतून आईची यादी चिकटवलेली होती. कपड्यांचे दोनच जोड: दिवसाचा ओला, रात्रीचा कोरडा. सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलाच पुन्हा चढवायचा, कोरड्याला हात लावायचा नाही. ती भराभर दोघांचे जोड काढत होती. मग न सांगता तिने तिसराही काढला, आईचा, रात्रीचा, कोरडा. बाबांनी पाहिलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते गॅलरीत जाऊन बोलून आले.

शोधपथकाच्या प्रमुखांचा होता म्हणाले. दोन दिवस माणसं ओढ्याच्या काठाने कान देऊन फिरली. पावसात माणसाची हाक विरून जाते, पण शिट्टी ऐकू येतेच. तिथे शिट्टी ऐकू आली नाही, म्हणजे आई तिथे नाही. आता सगळे ओढा सोडून डोंगराच्या पलीकडे निघालेत.

"आईकडे शिट्टी असतेच ना?" बाबांनी तिलाच विचारलं. "मी हो म्हणून सांगितलं."

तिच्या हातात मोजे होते, जळवा चावू नयेत म्हणून घालायचे, गुडघ्यापर्यंतचे लांब. ते तसेच राहिले.

यादी वाचायची त्यांच्या घरात एक रीत होती. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ती वस्तू हातात धरायची आणि मगच 'आहे' म्हणायचं. हातात असेल तरच. आई वाचायला बसायची ती तिच्याकडे पाठ फिरवून, वेणी घालत. तू 'आहे' म्हणालीस म्हणजे आहे, मी कशाला डोळे फाडून बघू, म्हणायची. काडेपेटी, छोटा टॉर्च आणि शिट्टी एका वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जायची. ती अडचणीची पिशवी. हवा दाबून काढायची, तोंड घट्ट बंद करायचं आणि जिवावर बेतल्याशिवाय उघडायची नाही.

गेल्या आठवड्यात आईने 'शिट्टी' वाचलं, तेव्हा तिच्या हातात हेच मोजे होते. शिट्टी दप्तरात होती. दुसऱ्या दिवशी शाळेत अंतिम सामना होता आणि पंच ती होती, आयुष्यात पहिल्यांदा. या एका खेपेपुरती तर ठेवते, असा विचार करून ती झोकात 'आहे' म्हणाली. आणि सामन्यात काय वाजवली होती ती शिट्टी! अख्खं मैदान तिच्या फुंकरीवर थांबत होतं.

आता गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. पण आईने परवा ती पिशवी फाडली असेल, आत बोटं फिरवली असतील. आईला कळलंच होतं.

ती उठली. दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून नारिंगी शिट्टी काढून बाबांपुढे धरली.

"आईकडे शिट्टी नाहीये, बाबा. मी खोटं 'आहे' म्हणाले होते."

बाबा शिट्टीकडे बघत राहिले. तिला वाटलं, आता एक कानाखाली बसेल. बसली असती तर बरंच झालं असतं. त्यांनी फोन लावला. पहिल्यांदा नंबर चुकला.

"ओढा सोडू नका," ते म्हणाले. "हो, मघाशी मीच म्हणालो. चुकलं माझं. तिच्याकडे शिट्टी नाहीये, वाजवणार कशाने? पुन्हा बघा. आता आवाजावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा, दगड न् दगड."

पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. 'बरं' म्हणून बाबांनी फोन ठेवला. प्रमुख माणसं परत ओढ्याकडे वळवतो म्हणाले, एवढंच त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी कपाटावरून यादी सोलून काढली. तिने ओळखलं, आता ते समोर बसणार आणि एकेक वस्तू स्वतः बघून घेणार. बघावीच त्यांनी. ते पलंगाशी आले, थोडे थांबले, आणि भिंतीकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ फिरवून बसले.

"मोजे," त्यांनी वाचलं.

"आहेत."

"टॉर्च."

"आहे."

"शिट्टी."

तिने मूठ इतकी आवळली की कडा तळव्यात रुतल्या. "आहे."

यादी तिथेच संपत होती, तिला पाठ होती.

"आईचा कोरडा जोड," बाबांनी वाचलं.

तो केव्हाचा तिच्या मांडीवर होता.