आधी इंजेक्टर, मग ट्यून

"जरा सगळं बंद करा," ती म्हणाली आणि तिने हात वर केला.

कानसेनने कॉम्प्रेसर बंद केला. पलीकडे टायर काढत बसलेल्या काकांचा हातोडा हवेतच थांबला. मग तिने वाजणारा फोन कानाला लावला.

"हो, घरीच आहे. नाही, कोणी आलं नाही. दार आतून लावलंय."

फोन ठेवल्यावरही काकांनी थोडा वेळ हातोडा खाली आणला नाही.

गॅरेजच्या मेकॅनिकला सगळे कानसेन म्हणत. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं सांगे. या बाईचं दुखणं ओळखायला कान लागत नव्हते.

गाडी दणकट होती, जिवापाड जपलेली. बाई पाठीशी उशी घेऊन, सीटच्या कडेवर बसून चालवत आली होती. सीट पुढे सरकवून देतो, असं तो म्हणाला तेव्हा ती दचकली. सीट आहे तिथेच राहू दे, आरशांनाही हात लावू नका, असं तिने बजावलं. मागे एका खोक्यात मोठ्या मापाचे इंजेक्टर होते. ते आज बसवून हवे होते. ट्यूनिंगचं दुसरीकडे ठरलंय, ते नंतर, असं ती म्हणाली.

तो सगळ्यांना सांगतो तेच त्याने तिलाही सांगितलं. इंजेक्टर इंजिनाला पेट्रोल पाजतात. मोठे बसवले की पेट्रोल जास्त जातं, आणि ते किती सोडायचं हे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्याने शिकवावं लागतं. तेच ट्यूनिंग. ते होईपर्यंत गाडी जागेवर चालू राहील, गल्लीत सरपटेल. रस्त्यावर जोरात पाय दिला की काळा धूर ओकेल आणि तुंबून बसेल.

"नक्की बंद पडेल?"

"पहिल्या चढावरच. म्हणून म्हणतो ताई, दोन्ही कामं एकदम करून घ्या. ट्यून मीच करतो, आजच होईल."

"नको."

"त्याचं वेगळं काही घेणार नाही मी."

"दादा, ट्यून नको." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "नुसते इंजेक्टर. आणि संध्याकाळी ते परत यायच्या आत गाडी होती तिथेच उभी हवी. त्याच तोंडाने."

गाडी तो स्वतः आणून लावेल, असं ठरलं. इंजेक्टर बदललेली, ट्यून न केलेली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही, हा गॅरेजचा नेमच होता. घर मागच्याच गल्लीत होतं. ती पायी निघाली. कोपऱ्यावर थांबली, दोन्हीकडे पाहिलं आणि भिंतीच्या कडेकडेने गेली.

"ही पळणार," काका म्हणाले. "नवऱ्याचीच गाडी घेऊन पळणार. बरं करते. पण अर्ध्या वाटेत गाडी बसली तर तेलही गेलं नि तूपही गेलं."

कानसेनने पाना उचलला. त्याची थोरली बहीण एकदा अशीच निघाली होती, शेजाऱ्यांच्या जुन्या गाडीत. शहराबाहेरच्या पुलावर गाडी बंद पडली आणि मागून नवरा आला. त्यानंतर ती मोठ्याने हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

त्याने जुने इंजेक्टर उपसले. नव्यांच्या रबरी कड्यांना तेलाचं बोट लावलं, एकेक दाबून बसवला. कुठे थेंब गळत नाही ना, हे कागद फिरवून पाहिलं. काम इथेच संपत होतं. गाडी सुरू केली तर ती धापा टाकत होती, खोकत होती, मागून काळं फेकत होती. अगदी त्याने सांगितलं होतं तशी.

त्याने लॅपटॉप काढला.

"गिऱ्हाइकाने नको म्हटलेलं काम फुकटात करणारा तूच एक," काका म्हणाले.

"उपकार नको असतात काही लोकांना. म्हणून काय पुलावर बंद पडू द्यायची?"

दुपारभर तो आकडे बदलत राहिला आणि रिकाम्या वळणरस्त्यावर गाडी पळवून पाहत राहिला. शेवटच्या खेपेला चढावर पाय दाबला तेव्हा गाडी अशी सुटली की त्याची पाठ सीटला चिकटली.

ऊन उतरण्याआधी त्याने ती तिच्या दारात लावली. त्याच जागी, त्याच तोंडाने. खिडकीत एक लहान मुलगी उभी होती, आवाज न करता. दार जेमतेम हातभर उघडलं.

"झालं?"

"तुमच्या मनासारखं झालंय."

"नक्की?"

"नक्की. बिनघोर राहा."

तिचे खांदे पहिल्यांदाच सैल झाले. ट्यूनचं आता सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात घरात फोन वाजला. तिने किल्ली ओढून घेतली आणि दार लावलं. आतून तिचा आवाज आला, "हो, घरीच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजकडे जाताना तो बसथांब्यापाशी थबकला. चढावरून गावाबाहेर जाणाऱ्या बसमध्ये ती चढत होती. एका हाताला मुलगी, दुसऱ्या हातात पिशवी. तो धावत खिडकीखाली गेला.

"ताई, गाडी कुठंय? काही बिघडलं का?"

"दारातच आहे." ती हसली. तिने खिडकीतून हात काढून त्याच्या तेलकट हातावर ठेवला. "तो आंघोळीला गेला तेव्हा निघालो. येईलच आता मागे. पण तुम्हीच म्हणालात ना दादा, पहिल्या चढावरच बंद पडेल."

बस हलली. तिचा हात सुटला. मुलीने मागच्या काचेतून टाटा केला.

मागच्या गल्लीतून इंजिनाचा आवाज आला. कानसेनला वळून पाहायची गरज नव्हती. गाडी त्याच्या पाठीमागून गेली, चढाला लागली. आवाज स्वच्छ होता, भरदार, कुठेही न अडखळणारा.