बिनचित्राची कादंबरी

शाळेसाठी एक जुनी इंग्रजी कादंबरी वाचायची होती. ग्रंथालयात लेकीने पहिलीच उचलली. मुखपृष्ठावर दगडी बंगला होता आणि खिडकीत निळ्या फ्रॉकमधली मुलगी.

“शी, भयाण आहे. दुसरी घे,” मी म्हटलं.

दुसरीवर जहाज होतं. डेकवर तीच मुलगी.

तिसरीवर बाग होती. तीच मुलगी फाटकाशी, अगदी जवळ.

“आई, आता नको ना बदलूस! धावून धावून दमलीये ती.”

“काहीतरीच काय बोलतेस!”

मीही हट्टाला पेटले. त्या मुलीला घरी न्यायचंच नाही! शोधून शोधून बिनचित्राची कादंबरी काढली, न बघताच लेकीचा हात घट्ट धरला आणि तरातरा दाराकडे निघाले.

“आई, मी इकडे आहे!” मागच्या कपाटापाशी लेक ओरडली.

माझ्या शेजारी कुणालातरी धाप लागली होती.