लहान गावातच का?

चितेगावच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या शिवराजला कॅनडातून दोन नोकऱ्या चालून आल्या. शहरातल्या नोकरीत तिथं कायमचं राहायला मिळेल याचा भरवसा नव्हता. तिथल्याच खेड्यातल्या नोकरीत तो भरवसा होता, पण अर्जात पानभर लिहायचं होतं, 'मला लहान गावातच का राहायचंय?' दोन दिवस झाले तरी त्याला ओळ सुचेना, कोणता अर्ज भरावा तेही कळेना. शेवटी त्यानं कन्नडजवळच्या गावी वडलांना फोन लावला.

"नाना, गावात राहण्यात चांगलं काय असतं?"

"दाराला कुलूप दिसलं की चार जण चौकशी करत्यात. चूल पेटली नाय तर शेजारून भाकरी येती..." नाना सांगत गेले. शिवराजचं पान भरलं.

"लई भारी, नाना! हे आधी का नाय सांगितलं?"

"सांगितलं व्हतं की. तू गाव सोडलं त्या दिवशी, एस्टीच्या खिडकीपाशी उभं राहून."