दगडोबाची वाळू

कढई लख्ख झाली होती आणि वाळू कुठेच नव्हती.

आरतीने सगळं अंगण पाहिलं. सकाळी तिने लाह्यांच्या भट्टीची वाळू पोत्यावर ओतून ठेवली होती. परवा पंचमी. कढई विटकरीने घासायची, तिला हळदकुंकू लावायचं आणि सासऱ्याला चकित करायचं, असा तिचा बेत होता. लग्नाला सहा आठवडे झालेल्या सुनेचे असे बरेच बेत असतात. आता पोतं रिकामं होतं. पलीकडे मडिवाळप्पा गवंडी नव्या ओट्यावर थापी फिरवत होता.

"काका, इथली वाळू?"

"ती काळी? ओट्यात घातली की, माय. थोडी कमी पडू लागली. टाकायचीच म्हणून काढली असंल, असं वाटलं."

आरती होती तिथेच खाली बसली.

दगडोबाच्या, म्हणजे तिच्या सासऱ्याच्या, आज्याने ती वाळू नदीतून आणली होती. तीन पिढ्यांनी तापवून तापवून ती काजळासारखी काळी केली होती. नव्या वाळूत ज्वारी करपते, जुनीत फुलते, हे साऱ्या रेणापूरला ठाऊक होतं. घरात कुणालाही तिला हात लावायची मुभा नव्हती. तिच्या नवऱ्याने, सत्यमने, लहानपणी मूठभर वाळू खेळायला घेतली, तर बापाने त्याच्या पाठीत झारा घातला होता. ती खूण अजून आहे. आणि आरतीने अख्खी कढई रिकामी केली होती. तीही प्रेमाने. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते असं.

रेणापूर तिचं आजोळ. श्रावणात ती फ्रॉकच्या ओच्यात ज्वारी घेऊन या भट्टीपुढे उभी राहायची. कढईत आधी एक दाणा उडायचा. मग दुसरा. मग सगळी कढई पांढरी होऊन वर यायची. हा माणूस ढग भाजतो, असं तिला खरंच वाटायचं. पुढे किनवटच्या वसतिगृहात झोप लागली नाही, की ती डोळे मिटून लाह्यांचा वास आठवायची. वास आला की झोपही यायची. सत्यमचं स्थळ सांगून आलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला होता, भट्टी चालू आहे ना? घरच्यांनी कपाळाला हात लावला होता.

आणि भट्टी तरी आता एकच उरली होती. फुटाणेवाला गेला, गुडदाणीवाली गेली, उकडलेल्या शेंगांची पाटी तर कधीच दिसेनाशी झाली. लातूरहून माणसं गाड्या घेऊन दगडोबाकडे यायची. धुराचे फोटो काढायची. "मामा, भट्टी बंद करू नका बरं," असं बजावायची आणि पावशेर लाह्या घेऊन एसी लावून परत जायची. आरतीला मात्र फोटो नको होता, तिला झारा हवा होता. आज ना उद्या सासरे शिकवतील, या आशेवर ती होती. आता ती भट्टी तिच्यामुळेच बंद पडणार होती. तिला रडू आवरेना.

दगडोबा तुराट्यांचा भारा घेऊन आला. सत्तरीचा माणूस. भुवया धगीने केव्हाच गेलेल्या. डोळे बारा महिने लाल.

"मामा," आरती उठून उभी राहिली, "वाळू गेली. ओट्यात गेली. माझ्यामुळं गेली."

दगडोबाने भारा खाली टाकला. लख्ख कढईकडे पाहिलं. मग ओट्याजवळ जाऊन ओल्या सिमेंटवर तळवा टेकवला. अंगणात ऊन-सावली चालली होती. लांब कुठेतरी बाया फेर धरून गात होत्या.

"फोडू का, दगडोबा?" मडिवाळप्पा हळूच म्हणाला. "अजून वल्लं हाय. चाळून काढता येईल."

"नगं."

"मामा, मी नवी वाळू आणते," आरती म्हणाली. "रोज तापवते. चार वर्षं लागू द्या, दहा लागू द्या. काळी करून दाखवते. पण भट्टी बंद नका करू."

दगडोबाने तांब्या उचलला. त्याला तहान लागली असेल, असं तिला वाटलं. त्याने तांब्यातलं पाणी भट्टीत ओतलं. राखेखाली जपलेले निखारे चर्रकन बोलले आणि गप्प झाले.

"बानं मरताना माझा हात धरून वाळूत दाबला व्हता," तो म्हणाला. "म्हणला, ही हाय तवर भट्टी इझू द्यायची न्हाई. अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पोरी. रोज सकाळी कढईपुढं बसताना वाटायचं, आज कुणीतरी ही सांडावी. माझ्या हातनं काय ते झालं न्हाई."

आरतीचं सगळं बालपण त्या भट्टीत होतं. त्याचं सगळं आयुष्य तिथेच गेलं होतं, हे तिच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले.

दगडोबाने पायात चपला सरकवल्या.

"चल," तो म्हणाला. "पंचमीची गाणी जलमभर हितं बसून ऐकली. झोका कसा असतो, ते एकदा दाव."